मामाजी, कूस बदला

[दृश्य: वडसा परिसर, जिल्हा गडचिरोली. धान कापलेल्या बांध्या. एका घराची ओसरी.]

बाजेवर म्हातारा. सून एका हाताने त्याची पाठ उचलून धरते, दुसऱ्याने खालचं लुगडं ओढून घेते. "मामाजी, कूस बदला जी." ओलं लुगडं बादलीत, कोरडं अंगाखाली, बादली पायानेच दाराकडे सरकवली. भिंतीवर गाडगेबाबा, हातात खराटा, डोक्यावर खापर.

हेच काम इटलीचा नाट्यदिग्दर्शक रोमिओ कॅस्तेलुची याने २०१० मध्ये रंगमंचावर आणलं. पांढरा सोफा, पांढरी गादी आणि मागे अंतोनेल्लो दा मेस्सिनाने पंधराव्या शतकात रंगवलेला येशूचा चेहरा, अवाढव्य केलेला. कामावर निघालेला मुलगा बापाला पुसतो, डायपर बदलतो. बाप पुन्हा घाण करतो, रडत माफी मागतो. मुलगा पुन्हा पुसायला बसतो. वासही प्रेक्षकांपर्यंत पोचवलेला. शेवटी त्या चेहऱ्यावरून काळे ओघळ येतात.

२०११ मध्ये पॅरिसला कट्टर कॅथलिकांनी प्रयोग बंद पाडायचा प्रयत्न केला, प्रेक्षकांवर अंडी आणि तेल फेकलं. देवाची विटंबना झाली म्हणे. बापाची काय दशा झाली, यावरून मात्र कोणी रस्त्यावर उतरलं नाही.

गाडगेबाबांपुढे हा वाद मांडणंच अवघड. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेला हा माणूस दिवसा गाव झाडायचा आणि रात्री तिथेच कीर्तनाला उभा राहायचा.

[दृश्य: रात्र. मंडप. पेटी-तबल्याची जुळवाजुळव.]

वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीचं, पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातल्या गावोगावच्या नाटकांचं, माहेर. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, नाटक रात्री लागतं आणि पहाटेपर्यंत चालतं. शेतकऱ्याचं कर्ज, दारू, हुंडा, सगळं या मंचावर येतं. मग अंथरुणाला खिळलेला बाप का नको? फक्त कॅस्तेलुचीचा मुलगा इथे चालायचा नाही. तो बदलून सून घ्यावी लागेल, कारण हे काम बहुतेक घरी तिच्याच गळ्यात असतं आणि मुलगा "जरा चौकात जाऊन येतो" म्हणून सटकलेला असतो.

शिवाय विनोदी नटाला प्रवेश द्यावाच लागेल, त्याच्याशिवाय झाडीपट्टीचं नाटक उभं राहत नाही. तिसऱ्यांदा लुगडं बदलताना तो नाक दाबून आत आला, तर मंडप हसणार. त्या हशात सुनेने काय करायचं, हे दिग्दर्शकाने आधी ठरवून घ्यावं.