टेप इथे थांबवा

नमस्कार. आज बोलायचंय ते सुपरव्हिजनबद्दल, म्हणजे समुपदेशकाने आपल्या केसेस दुसऱ्या जाणत्या समुपदेशकासमोर मांडून आपल्या कामावर देखरेख करून घेण्याबद्दल. आधी एका शब्दाचा घोळ मिटवते. निमंत्रण छापताना संयोजकांनी सुचवलं होतं की 'सुपरव्हायजर'ऐवजी 'पर्यवेक्षक' म्हणू या. मी नको म्हटलं. पर्यवेक्षक म्हटलं की दहावीच्या वर्गात पुरवण्या वाटत, कॉपी कोण करतंय ते बघत फिरणारे सर आठवतात. आणि खरं सांगू का, सुपरव्हिजनला जाताना तुम्हा समुपदेशकांपैकी अनेकांच्या पोटात गोळा येतो तो अगदी तसाच असतो. त्यात शब्दाने आणखी भर नको.

माझी पीएचडी 'काउन्सेलर एज्युकेशन अँड सुपरव्हिजन' या विषयात आहे, अमेरिकेतल्या मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठाची. मामा अजून विचारतो, "म्हणजे सायकॉलॉजीच ना?" तर नाही. समुपदेशन करायला तिथे मास्टर्समध्ये शिकवतात. साठ क्रेडिट्सचा कोर्स, शंभर तासांचं प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखालचा सराव, आणि वर सहाशे तासांची इंटर्नशिप. हे सगळं उरकलेली माणसं या पीएचडीला येतात. इथे शिकायचं असतं ते समुपदेशकांना घडवणं, आणि त्यांच्या केसेसची जबाबदारी घेणं.

तिकडे समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी केक्रेप नावाची संस्था आहे, 1981 सालची. डॉक्टरेटसाठी तिने पाच गोष्टी ठरवल्या आहेत: समुपदेशन, सुपरव्हिजन, अध्यापन, संशोधन, आणि नेतृत्व व हक्कांसाठी पाठपुरावा. या शेवटच्या कलमाबद्दल मी फार बोलणार नाही, त्यात कमिट्यांच्या बैठकाच जास्त असतात. प्रबंध अर्थातच असतो. आमच्या वेळच्या नियमांनुसार डॉक्टरेटच्या पातळीवर पुन्हा शंभर तासांचं प्रॅक्टिकम आणि सहाशे तासांची इंटर्नशिप होती. पण या वेळी इंटर्नशिप फक्त क्लायंटसमोर बसून पुरी करायची नसते. पाचांतल्या किमान तीन गोष्टींचा अनुभव त्यात लागतो. म्हणजे कोणाला तरी शिकवा, कोणाला तरी सुपरव्हाइज करा, आणि तुम्ही ते कसं करताय यावरही कोणीतरी डोळा ठेवून असणार.

या पदवीला भाव आला तो एका तारखेमुळे. 1 जुलै 2013 नंतर मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात मुख्य प्राध्यापक म्हणून नव्याने घ्यायचा माणूस याच विषयातला डॉक्टरेट हवा, असा नियम झाला. त्याआधी मानसशास्त्राचे पीएचडी सर्रास समुपदेशन शिकवत. आधीपासून पूर्णवेळ शिकवणाऱ्यांना सूट मिळाली, बाकीच्यांना दार बंद. नियमामागे व्यवसायाची स्वतंत्र ओळख जपण्याची तळमळ होती, तसं कुंपण घालणंही होतं. मला त्याचा फायदा झाला, म्हणून मी त्यातलं कुंपण लपवणार नाही.

आता खरी गोष्ट. दुसऱ्या वर्षी माझ्याकडे मास्टर्सची एक विद्यार्थिनी सुपरव्हिजनला दिली होती. तिच्याकडे एक क्लायंट होता, पन्नाशीचा, बायको नुकतीच गेलेली. तो बोलता बोलता थांबायचा, आणि ही मुलगी दोन सेकंदांत पुढचा प्रश्न टाकायची. मी टेप पाहिली, दोष मला लगेच दिसला. आमच्या सेशनमध्ये मी तिला विचारलं, शांतता तुला सहन होत नाही, असं का होत असेल? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचे वडील अबोला धरायचे, दिवसचे दिवस. मग आम्ही वडिलांवर बोललो. चाळीस मिनिटं. मला वाटलं, काय सुरेख सेशन झालं!

आमच्या त्या सेशनचंही रेकॉर्डिंग होतं, कारण माझ्या सुपरव्हिजनवरही सुपरव्हिजन होती. आमच्या प्राध्यापक बाई टेप बघत होत्या. मुलगी रडायला लागते तिथे त्या म्हणाल्या, "टेप इथे थांबवा. या क्षणी तुम्ही कोण होता?"

मी म्हटलं, सुपरव्हायजर.

"मग त्या गृहस्थांचं नाव शेवटचं कधी आलं?"

मी टेप मागे नेली, पुढे नेली. सातव्या मिनिटाला आलं होतं. त्यानंतर तो बिचारा आमच्या खोलीतून गायबच झाला होता. मुलीने माझ्याकडे थेरपी मागितली नव्हती, मी ती परस्पर सुरू केली. शिवाय तिचे मार्क माझ्या हातात! ती नको म्हणणार तरी कशी?

सुपरव्हिजनच्या अभ्यासक जॅनिन बर्नार्ड यांनी 1979 मध्ये मांडलेलं एक साधं कोष्टक आहे, ते मला त्या दिवशी कळलं. पाठ तर आधीच होतं. सुपरव्हायजर तीन भूमिकांत वावरतो: शिक्षक, समुपदेशक, सल्लागार. आणि तीन गोष्टींकडे बघतो: समोरच्याने काय केलं, केस कशी समजून घेतली, आणि त्याचं स्वतःचं काय आड आलं. तीन त्रिक नऊ घरं. त्या मुलीच्या बाबतीत समुपदेशकाच्या घरात दोन मिनिटं जायला हरकत नव्हती. 'हे तुझं आहे, त्या माणसाचं नाही' एवढं तिच्या लक्षात आलं की बाहेर यायचं. मी तिथे मुक्काम ठोकला, कारण ते घर माझ्या सवयीचं. चांगले समुपदेशक सुपरव्हायजर म्हणून इथेच गडबडतात. जे हाताला येतं तेच ते करत बसतात.

रेकॉर्डिंगचा एवढा आग्रह का, असं मला इथे नेहमी विचारतात. गाण्याच्या तालमीत शिष्य गुरूसमोर गातो. आपल्या व्यवसायात मात्र शिष्य बंद खोलीत गातो, आणि आठवड्याने येऊन सांगतो, "सर, यमन छान झाला." आपण त्या सांगण्यावर दाद देतो! 1942 मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी एका क्लायंटची आठही सेशन्स शब्दशः छापली, फोनोग्राफच्या तबकड्यांवर ध्वनिमुद्रित केलेली. बंद खोलीतलं बोलणं असं पहिल्यांदा उघड्यावर आलं. पुढे साठच्या दशकात मिशिगन स्टेट विद्यापीठात नॉर्मन केगन यांच्या एक गोष्ट लक्षात आली. पाहुण्या वक्त्यांची व्हिडिओ टेप त्यांना लगेच दाखवली, की बोलताना मनात काय काय चाललं होतं ते वक्ते बारीकसारीक तपशिलासह सांगू लागत. त्यातून केगन यांची पद्धत उभी राहिली. तिच्यात टेप थांबवायचं बटण शिकणाऱ्याच्या हातात असतं, आणि सुपरव्हायजरने फक्त विचारायचं, "तेव्हा काय म्हणावंसं वाटत होतं?" चुका काढायच्या नाहीत. करून बघा, जीभ चावत बसावं लागतं.

पण बटण नेहमीच शिकणाऱ्याकडे देता येत नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो ना, तसा सुपरव्हायजरकडेही असतो. सारखा दाबला तर समोरचा गाडी शिकत नाही. चुकीच्या वेळी दाबला तर काय होतं, ते अमेरिकेतल्या तारासॉफ खटल्यात दिसलं. बर्कलेमध्ये प्रोसेनजित पोद्दार या भारतीय विद्यार्थ्याने आपल्या थेरपिस्टला सांगितलं, मी एका मुलीला मारणार आहे. ती मुलगी म्हणजे तातियाना तारासॉफ. थेरपिस्टने कॅम्पस पोलिसांना पत्र लिहिलं. पोलिसांनी पोद्दारला पकडलं, तो शुद्धीवर वाटतो म्हणून सोडलं. मग थेरपिस्टच्या वरच्या, मानसोपचार विभागाच्या प्रमुखाने ते पत्र परत मागवलं, नोंदी नष्ट करायला सांगितल्या, आणि पोद्दारला रुग्णालयात ठेवायचा विचार थांबवला. ऑक्टोबर 1969 मध्ये त्या मुलीचा खून झाला. धोक्यात असलेल्या माणसाला वाचवणं हे थेरपिस्टचं कर्तव्य आहे, हा 1976 चा निकाल सगळे गोपनीयतेच्या पाठात शिकवतात. मी तो सुपरव्हिजनच्या पाठात शिकवते. हाताखालच्या माणसाने धोका ओळखला होता. वरच्याने त्यालाच ब्रेक लावला.

आपल्याकडे काय? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, आणि त्यांच्या प्रशिक्षणात देखरेखीखालचं काम असतंच. 'समुपदेशक' मात्र सहा महिन्यांचा डिप्लोमा केलेलाही असतो आणि मास्टर्स केलेलाही. सुपरव्हायजर होण्याचं शिक्षण तर जवळपास वयावरच ठरतं. केस पांढरे झाले की झालात सुपरव्हायजर! याला सन्माननीय अपवाद आहेत. आपले कि. मो. फडके सर विवेकनिष्ठ मानसोपचाराचे जनक अल्बर्ट एलिस यांच्याशी पत्रव्यवहार करत घडले, आणि न्यूयॉर्कच्या त्यांच्या संस्थेचे मान्यताप्राप्त सुपरव्हायजर झाले. पण सगळ्यांकडून ती चिकाटी कशी धरणार?

उद्याच पीएचडी सुरू करा, असं माझं म्हणणं नाही. इथल्या तिघाचौघांनी मिळून महिन्यातून एकदा बसा. एकाने आपल्या सुपरव्हिजनची टेप आणावी, क्लायंटची नव्हे, सुपरव्हिजनची. बाकीच्यांनी एवढंच मोजावं, की क्लायंटचं नाव शेवटचं कितव्या मिनिटाला आलं. मी अजून मोजते. मागच्या महिन्यात माझं एकोणिसावं मिनिट होतं.

मगाशी चिठ्ठी आली आहे, "आपले क्लायंट रेकॉर्डिंगला तयार होत नाहीत, काय करावं?" लेखी संमती तर घ्यायचीच, टेप कोण ऐकणार आणि कधी पुसणार तेही त्यात लिहायचं. नाही म्हणाले तर विषय संपला, पुन्हा गळ घालायची नाही. पण बहुतेकदा आपणच घाबरत घाबरत विचारतो, म्हणून ते घाबरतात. माझ्याकडे एक आजी येत. मी त्यांना सांगितलं, "आजी, हे रेकॉर्डिंग माझ्या मॅडम ऐकतील. मी तुमच्याशी नीट बोलते की नाही, ते बघायला." आजींनी चष्मा वर केला. "म्हणजे तुझी परीक्षा होय? मग कर की बाई. मला वाटलं माझी."