गिळलेला आवंढा

(दृश्य: काल्सोय बेट. कड्याच्या टोकावरचे दीपगृह, वाऱ्याने आडवे झालेले गवत, एकटी शिळा.)

नॉर्वे आणि आइसलंड यांच्या दरम्यान पसरलेल्या फेरो द्वीपसमूहातील या अरुंद बेटावर एक थडगे आहे. त्याखाली कोणालाही पुरलेले नाही. शिळेवर नाव जेम्स बाँडचे आहे आणि वर्षे कोरली आहेत १९६२ ते २०२१, म्हणजे पहिल्या बाँडपटापासून थेट 'नो टाइम टू डाय'पर्यंतची. त्या चित्रपटात बाँडचा शेवट झाला तो याच कड्यांच्या साक्षीने. त्रॉल्लानेस गावातून चढण चढत इथवर येणारे लोक एका काल्पनिक माणसाच्या थडग्यापाशी थांबतात आणि त्याचे छायाचित्र काढतात.

चाहत्यांमधला एक जुना वादही इथेच येऊन थांबतो. बाँडने रडावे का? एका पक्षाचे म्हणणे असे की, ज्याला सरकारने माणूस मारण्याचा परवाना दिला आहे, त्याच्या डोळ्यांत पाणी शोभत नाही. तो रडू लागला की चारचौघांसारखा होतो, आणि चारचौघे तर आपण घरोघरी आहोतच. दुसरा पक्ष विचारतो की, ज्याला काहीच लागत नाही, त्याच्या जिवाची काळजी प्रेक्षकाने का करावी?

(दृश्य: पोर्तुगाल, आराबिदा. समुद्रालगतचा वळणांचा रस्ता.)

या वादाचा सर्वांत बोलका पुरावा या रस्त्यावर चित्रित झाला. १९६९ च्या 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'मध्ये बाँडचे नुकतेच लग्न झाले आहे, गाडीवरची फुले काढून टाकण्यासाठी तो रस्त्याच्या कडेला थांबतो, आणि शेजारून सुसाट गेलेल्या गाडीतून झाडलेल्या गोळीने त्याची पत्नी ट्रेसी ठार होते. बाँडच्या भूमिकेत होते जॉर्ज लेझनबी, ऑस्ट्रेलियातून आलेले मॉडेल, ज्यांच्या गाठीशी अभिनयाचा अनुभव नव्हताच म्हटले तरी चालेल. समोर डायना रिग यांच्यासारखी कसलेली अभिनेत्री होती. दिग्दर्शक पीटर हंट यांचाही दिग्दर्शनाचा हा पहिलाच चित्रपट होता, मात्र आधीच्या बाँडपटांचे संकलन त्यांनीच केलेले असल्यामुळे कोणती चौकट ठेवायची आणि कोणती कापायची, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होते. लेझनबी यांनी पुढे सांगितलेली हकिकत अशी की, पहिल्या वेळी प्रसंग करताना त्यांना खरोखरच रडू कोसळले. तेव्हा बाँड रडत नाही, असे सांगून हंट यांनी तोच प्रसंग पुन्हा करवून घेतला. चित्रपटात आहे तो अश्रूंविना केलेला प्रसंग. मोटरसायकलवरून आलेल्या पोलिसाला बाँड समजावतो की ती जरा विश्रांती घेते आहे, घाई कसली, आपल्याकडे भरपूर वेळ आहे; मग तो तिच्यावर चेहरा झुकवतो आणि पडद्यावर उरते ती गोळीने तडकलेली काच.

हंट बरोबर होते, असे आम्हाला वाटते. मात्र त्यांनी दिलेले कारण चुकीचे होते.

(दृश्य: जमैका, ओराकाबेसा. 'गोल्डनआय' बंगला, खिडकीबाहेर समुद्र.)

कारण बाँड रडतो. बाँडचे जनक, लेखक इयन फ्लेमिंग यांनी १९५२ साली याच बंगल्यात लिहिलेल्या आणि १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या 'कसिनो रोयाल' या पहिल्याच कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात, त्याची प्रेयसी व्हेस्पर हिने आत्महत्येपूर्वी लिहिलेले पत्र वाचून झाल्यावर, तो मुठी कानशिलांवर आपटतो, समुद्राकडे पाहून एक शिवी हासडतो, आणि त्याचे डोळे ओले झाल्याचे फ्लेमिंग स्पष्ट लिहितात. लगेच तो ते पुसतो, अंगात कपडे चढवतो, आणि थंड चेहऱ्याने खाली जाऊन लंडनला दूरध्वनी लावतो, तोही त्याच स्त्रीविषयी अत्यंत क्रूर शब्द उच्चारण्यासाठी. ओले डोळे आणि ते पुसणारा हात, दोन्ही एकाच माणसाचे आहेत. वाद घालणारे दोन्ही पक्ष यातले अर्धेच वाचतात.

डॅनियल क्रेग बाँड झालेल्या, याच कादंबरीवरच्या २००६ च्या चित्रपटाला हे नेमके उमगले होते. हत्येचा प्रसंग पाहून हादरलेली व्हेस्पर शॉवरखाली अंगावरच्या कपड्यांनिशी बसून राहते, आणि बाँड काही न बोलता, तसाच कपड्यांसकट भिजत तिच्याशेजारी जाऊन बसतो. पुढच्या चित्रपटांतून त्याचे बालपण आले, 'स्कायफॉल'मध्ये एमच्या, म्हणजे बाँडच्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मृत्यूवर अश्रू आले, अखेर मुलगीही आली, आणि २०२१ मध्ये मरणही. त्यावरून चाहते दुभंगले ते अजून तसेच आहेत.

(दृश्य: इंग्लंड, स्टोक पोजिसचे चर्च. कबरी, पायवाट, ओले गवत.)

१९८१ च्या 'फॉर युअर आइज ओन्ली'चा आरंभ या आवारात होतो. रॉजर मूर, म्हणजे भुवई उंचावून विनोद करणारे सर्वांत हलकेफुलके बाँड, ट्रेसीच्या थडग्यावर लाल गुलाब ठेवतात. मागून पाद्री येऊन सांगतो की कार्यालयातून निरोप आहे, हेलिकॉप्टर येते आहे, काहीतरी तातडीचे काम दिसते. नेहमी तसेच असते, असे म्हणून बाँड उठतो. हेलिकॉप्टर वर जाते आणि खाली उभा असलेला पाद्री हवेत क्रॉसची खूण करतो.

ट्रेसीची ती शिळा चित्रीकरणापुरतीच होती. तिच्या जागी आता गवत आहे.