सरबतासाठी पानांचा पाक

नमस्कार श्रोतेहो.

पाक म्हटलं की आपली दोन बोटं आपोआप तार बघायला जातात. लाडवांसाठी ती सवय चांगलीच. पण आज ज्या पाकाबद्दल बोलणार आहे, त्याला तार येऊच द्यायची नाही. साखर विरघळली, पाणी नितळ दिसलं, की गॅस बंद. जास्त आटवलात तर बाटलीत खडे धरतात आणि गार पाण्यात पाक लवकर मिसळत नाही.

प्रमाण अगदी सोपं. 200 ग्रॅम साखरेला 200 मिली पाणी. त्यातून साधारण सव्वातीनशे मिली पाक निघतो. ऐन उन्हात दारात पाहुणा आला की साखर ढवळत बसायला नको, दोन मोठे चमचे पाक, अर्धं लिंबू, चिमूटभर मीठ आणि माठातलं पाणी, झालं सरबत.

आता पानांचं. आपल्याकडे बहुतेक जणी पानं साखरेबरोबरच उकळायला टाकतात, आणि मला कळकळीने सांगायचंय ते इथेच. पुदिन्याचा वास त्याच्या पानातल्या तेलात असतो आणि ते तेल वाफेबरोबर उडून जातं. घरभर घमघमाट सुटला, तर बाटलीत जायचा वास हवेत गेला म्हणून समजा. म्हणून पाक आधी करा, गॅस बंद करा, मग मूठभर पानं गरम पाकात दाबून बुडवा आणि वर घट्ट झाकण ठेवा. वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब पाकातच पडू द्या, त्यातही वास असतो. मग लगेच गाळा. रात्रभर पानं ठेवली तर पाकाला गवताचा कडवटपणा येतो.

पेंडी आणली की पानं निवडून दोनदा धुवा, माती देठाच्या बेचक्यात बसते. रंग हिरवा राहायला हवा असेल तर पानं उकळत्या पाण्यात 15 सेकंद बुडवून लगेच गार पाण्यात टाका, आणि मगच पाकात. लिंबू मात्र बाटलीत पिळू नका. आंबटाने पानातला हिरवा रंग मातकट होतो. लिंबू ग्लासातच.

तुळस आणि सब्जाची पानंही अशीच, पुदिन्यासारखी. ओव्याचं पान उग्र, चार-पाच पुरेत, आणि दहा मिनिटांत काढा.

गवती चहाची गोष्ट वेगळी. ती पात चिवट. कात्रीने बोटभर तुकडे करा, बत्त्याने ठेचा आणि पाण्यातच झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सात मिनिटं उकळा, मग साखर घाला. ठेचलेलं आलंही त्याच पाण्यात चालतं. पातीचे तंतू बारीक असतात, म्हणून फडक्यातून गाळा. आपल्या बेळगाव जिल्ह्यात खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे घरात कोकम असतंच. कोकमाच्या सरबतात साध्या साखरेऐवजी हा आलं-गवती चहाचा पाक घालून बघा. मला तरी याहून चांगली जोडी ठाऊक नाही.

गूळ घालावा का? आपला भाग उसाचा, प्रश्न येणारच. रामनवमीला कन्नड शेजारणीकडून येणारं पानक गुळाचंच असतं, त्यात सुंठ नि वेलची किती छान लागते! तेव्हा आल्याबरोबर गूळ जरूर घाला. पुदिन्याला मात्र साखरच हवी, गुळाच्या चवीपुढे तो वास टिकत नाही.

बाटली काचेची, उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवलेली. फ्रिजमध्ये हा पाक दोन-तीन आठवडे राहतो. पाण्याच्या दुप्पट साखर घेतलीत तर आणखी टिकतो, पण गारव्यात तळाशी खडे दिसू शकतात. बाटली कोमट पाण्यात उभी केली की ते विरघळतात. वरचेवर लाइट जाणाऱ्या गावात थोडाथोडाच करा. पाक गढुळला, बुडबुडे आले, आंबूस वास आला, तर सरळ ओतून टाका.

आणि ज्यांच्या घरी कुणाला मधुमेह आहे त्यांच्यासाठी. सारख्या प्रमाणाच्या या पाकाच्या दोन मोठ्या चमच्यांत, म्हणजे 30 मिलीत, सुमारे 18 ग्रॅम साखर जाते. त्यांच्या ग्लासात पाक घालू नका. पुदिना चुरगाळून, लिंबू-मीठ घालून गार पाणी द्या.

नमस्कार.