लेथ हलवला, टेपर आला

मंडळी, आधी माझीच फजिती सांगतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका बंद पडलेल्या शॉपमधला सहा फुटी लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कापायचं मशीन, मी गोकुळ शिरगावला आणला. क्रेनचं भाडं चुकतं केलं, नारळ फोडला आणि त्याच दुपारी जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, लावला. 250 मिलिमीटरमध्ये 20 मायक्रॉन टेपर! म्हणजे जॉबचा व्यास एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत तेवढा बदललेला; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जॉब फिरवणारा स्पिंडल ज्यात असतो त्या हेडस्टॉकचे बोल्ट मी लगेच सैल केले, ठोकठाक करून टेपर काढला आणि खूश झालो. पंधरा दिवसांनी टेपर परत हजर, तोही उलट्या बाजूने. पाया बसला होता, बेडचा पीळ बदलला होता आणि हेडस्टॉक बिचारा फुकट मार खाऊन बसला होता.

बेड म्हणजे लेथचे सगळे भाग ज्यावर बसतात तो बिडाचा एवढा मोठा ठोकळा, तो कसा पिळवटेल, असं वाटतं. पण बाज आठवा. अंगणात एक पाय अधांतरी असला की बाज डुगडुगते. तोच पाय दाबून जमिनीला बांधला तर माच वाकडा होतो. फाउंडेशन बोल्ट करकचून आवळताना आपण लेथचं नेमकं हेच करतो.

म्हणून पहिलं काम बुडबुड्याच्या लेव्हलचं. सुताराची लेव्हल नाही, एका रेघेला मीटरमागे 0.02 मिलिमीटर उतार दाखवणारी हवी. ती आधी आहे त्याच जागी उलटी फिरवून तपासा. मग चकजवळ (जॉब धरणाऱ्या जबड्यांपाशी) आणि शेवटाला, बेडवर आडवी ठेवून वाचा. टेलस्टॉक, म्हणजे जॉबचं दुसरं टोक टेकवणारा भाग, ज्या स्लाइडवेवर सरकतो तिथे ठेवलेली बरी, कारण टेलस्टॉक चकपाशी फारसा जात नाही आणि तिथली झीज कमी असते. दोन्हीकडे बुडबुडा एकाच जागी हवा, एवढंच बघायचं. तो अगदी मध्यावर आलाच पाहिजे असं नाही. जहाजावरही लेथ चालतात, तिथे कुठली आलीय लेव्हल! दोन्ही टोकांत पाच रेघांचा फरक असेल आणि बेडपासून सेंटरची (जॉबच्या मध्याची) उंची 200 मिलिमीटर असेल, तर टूल 20 मायक्रॉन आडवं सरकतं आणि व्यासात 40 चा फरक पडतो. पायाखाली शिम (पातळ पत्रा) घाला, थोडं आवळा, परत वाचा. दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये एका बाजूने ऊन येत असेल तर हे काम सकाळी उरका.

लेव्हल झाली की कापून बघायचं. जाड बार चकमध्ये धरा, टेलस्टॉक लावू नका. लावलात तर टेलस्टॉकची चूक बेडच्या माथी मारली जाईल. बारवर तीन पट्टे ठेवा, पट्ट्यांच्या मधला भाग खाली घ्या, धारदार टूलने बारीक कट मारा आणि तिन्ही पट्टे मायक्रोमीटरने मोजा. बहुतेक जण दोनच पट्टे ठेवतात. मी तीन सांगतो, कारण पीळ असेल तर फरक सरळ वाढत जातो, आणि चकजवळच्या झिजेचा असेल तर तो एकसारखा वाढत नाही, मधला पट्टा चुगली करतो.

झिजेची मात्र उगाच भीती घेऊ नका. सॅडल, म्हणजे टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग, नुसता सरळ खाली 0.1 मिलिमीटर बसला, तर 20 मिलिमीटर व्यासाच्या जॉबची त्रिज्या फक्त अर्ध्या मायक्रॉनने बदलते. सॅडल कलला की मात्र टूल आडवं सरकतं, आणि ते थेट जॉबवर उतरतं.

स्पिंडल बघायचा तर मशीन अर्धा तास चालवून गरम करा आणि डायल (काट्याचं मोजमापाचं यंत्र) स्पिंडलच्या नाकावर लावा, चकवर नाही. तीन जबड्यांच्या चकचा रनआउट (फिरताना डुलणं) बघून बेअरिंग बदलायला निघालेले लोक मी पाहिलेत.

फेसिंगमध्ये, म्हणजे जॉबचं टोक सपाट करताना, पृष्ठभाग किंचित खोलगट चालतो, फुगीर नाही. जर्मन प्राध्यापक श्लेसिंगर यांनी 1927 साली मशीन टूलच्या चाचण्यांचं पुस्तक काढलं. आज आपण लावतो त्या बऱ्याच चाचण्या त्याच वळणाच्या आहेत. खोलगट जॉब कडेवर टेकतो, फुगीर मध्यावर भोवऱ्यासारखा डुलतो.

टेलस्टॉकचा नंबर शेवटी. तो दोन स्क्रूंनी सरकतो, त्याला पाच मिनिटं पुरतात. माझ्या हेडस्टॉकला परत जागेवर आणायला दोन दिवस गेले.