डिजिटल रेडिओचं पुढे काय?

नमस्कार मंडळी. रेडिओ पुढे कुठून ऐकायचा, जमिनीवरच्या टॉवरवरून, उपग्रहावरून की इंटरनेटवरून, हा विषय निघाला की गाडी लगेच आवाजाच्या क्वालिटीवर येते. मला तो मुद्दा आता दुय्यम वाटतो, कारण चांगला आवाज तिन्हीकडे देता येतो. ऐकणारा एक माणूस वाढला की खर्च कोणाचा वाढतो, ते आधी बघा.

६४ केबीपीएसचा स्ट्रीम तासभर ऐकला तर साधारण २९ एमबी डेटा जातो, एकट्यासाठी म्हटलं तर किरकोळ. पण एकाच वेळी लाखभर लोक ऐकायला बसले की लाख वेगवेगळे स्ट्रीम पाठवावे लागतात, म्हणजे सेकंदाला ६.४ गिगाबिट, आणि त्याचे पैसे स्टेशनही भरतं, ऐकणाराही भरतो. टॉवरचं तसं नाही, दहा जण ऐकोत की दहा लाख, विजेचं बिल तेवढंच! शिवाय कोण काय ऐकतंय हे टॉवरला कळत नाही, लॉगिन नाही, काही नाही. पूर किंवा भूकंपात मोबाईल नेटवर्क नेमकं तेव्हाच जाम होतं, तेव्हा तर हा फरक फार मोठा असतो.

उपग्रहाचं थोडक्यात सांगतो. उपग्रहावरून रेडिओ ऐकवणाऱ्या वर्ल्डस्पेस कंपनीचे उपग्रह आकाशात ठणठणीत होते, तरी कंपनी २००८ मधे दिवाळखोरीत गेली. वेगळा रिसीव्हर घ्या, अँटेना उपग्रहाच्या दिशेने लावा, वर वर्गणी भरा, एवढं करणारे लोक कमीच निघाले. अमेरिकेत सिरियस आणि एक्सएम या उपग्रह रेडिओच्या दोन कंपन्या २००८ मधेच एकत्र झाल्या आणि टिकल्या, कारण त्यांचा रेडिओ कारखान्यातूनच गाडीत बसून यायचा आणि शहरात उंच इमारतींमुळे सिग्नल अडतो तिथे त्यांनी जमिनीवर रिपीटर, म्हणजे तोच सिग्नल पुन्हा पाठवणारे टॉवर, लावले होते. म्हणजे उपग्रह असूनही टॉवर लागलेच.

आता डॅब, म्हणजे जमिनीवरच्या टॉवरवरून येणारा डिजिटल रेडिओ. यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे एफएमला डोंगरावर आपटून उशिरा आलेला सिग्नल त्रास देतो, आवाज फाटतो, पण डॅबमधे असा सिग्नल साधारण २४६ मायक्रोसेकंदांच्या आत आला तर उलट मदतच करतो. त्यामुळे शेजारचे टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर चालवता येतात, आणि एका मल्टिप्लेक्समधे, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर एकत्र पाठवलेल्या गठ्ठ्यात, बरीच स्टेशनं बसतात. खोट एकच, पण मोठी आहे. एफएम कमजोर झालं तर खरखर येते पण शब्द कळतात, डॅब मात्र थोडं बुडबुडतं आणि एकदम गप्प होतं. म्हणून कव्हरेज अर्धवट ठेवून एफएम बंद करायला माझा विरोध आहे, नॉर्वेने २०१७ मधे राष्ट्रीय चॅनलचं एफएम बंद केलं तेव्हासुद्धा बरीच छोटी स्थानिक स्टेशनं एफएमवरच राहिली होती.

निवड हवी, जुने कार्यक्रम हवे, दूरच्या देशातलं स्टेशन हवं, तर इंटरनेटला तोड नाही, ते मान्यच. पण रोजचं, फुकट, लाखोंनी एकदम ऐकायचं माध्यम म्हणून टॉवर हवाच, आणि त्याचं भवितव्य ठरतंय ते रिसीव्हरवर. युरोपियन युनियनने २०२० च्या अखेरीपासून नव्या गाड्यांमधल्या रेडिओला डिजिटल सिग्नल पकडता आलाच पाहिजे असा नियम केला, हे उत्तम झालं. फोनचं मात्र घोडं अडलंय. एलजीने २०१६ मधे डॅब प्लसवाला (डॅबची सुधारित आवृत्ती) स्टायलस २ फोन काढला, पण बाकी कंपन्या काही त्या वाटेने गेल्या नाहीत. माझ्या मते आता जोर लावायचा तो इथेच, गाडीसाठी झाला तसा नियम फोनसाठीही मागायला हवा.