हौद्याच्या काठावरचा हिंदकेसरी

पहाटेचे चार. कोल्हापुरात भवानी मंडपाजवळच्या मोतीबाग तालमीत दिवा लागतो आणि पहिला आवाज येतो तो कुदळीचा. रात्रभरात बसलेली हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, माती पोरं खणून सैल करतात, खोऱ्यानं वरखाली करतात. तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर मुरलेली ही लाल माती. मुठीत दाबली तर गोळा होतो, बोट लावलं की भुगा. घामेजल्या अंगावर ती चोळली की पकड निसटत नाही.

मग जोर सुरू होतात, मग बैठका. छातीतून निघणारा हुंकार सोडला तर कुणी बोलत नाही. आकडा कुणी मोठ्यानं मोजत नाही, पण काठावर वस्ताद असतो. कोण शेवटच्या पन्नास जोरांत कंबर चोरतोय, हे त्याला मान न वळवता कळतं.

या काठावर ज्यांनी कित्येक वर्षं काढली, त्यांचं नाव गणपतराव आंदळकर. कुस्तीतली माणसं त्यांना आबा म्हणायची.

आबांचा जन्म १५ एप्रिल १९३५चा. गाव पुनवत, तालुका शिराळा, जिल्हा सांगली. वारणेच्या या खोऱ्यात जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. नारळावरच्या, रेवड्यांवरच्या कुस्त्या लहान पोरांच्या, आणि शेवटची मोठ्या इनामाची. हलगी कडाडायला लागली की ज्याच्या अंगात रग आहे असं पोर घरात थांबत नाही. मिसरूड फुटायच्या वयात गणपत कोल्हापूरला आला आणि मोतीबागेत राहिला.

तेव्हाचं कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली युरोपच्या दौऱ्यात रोममधलं भव्य क्रीडागृह पाहिलं आणि तसं मैदान आपल्या मल्लांसाठी बांधायचं मनात घेतलं. १९१२मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. पुढे संस्थानं गेली, राजाश्रय गेला, पण कुस्ती गेली नाही. गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढून ती जगवली. हे लोकांचं ऋण आबांच्या पिढीनं कायम मानलं, कारण त्यांच्या दुधाबदामाचा खर्च त्या वर्गणीतून भागायचा.

१९५९ साली कोल्हापूरच्या तालमीत घडलेले श्रीपती खंचनाळे हिंदकेसरी झाले, म्हणजे देशपातळीवरच्या कुस्तीचा किताब आणि त्याची गदा त्यांनी जिंकली. पुढच्याच वर्षी, १९६०मध्ये, पंजाबच्या खडकसिंगला हरवून आबांनी ती गदा पुन्हा कोल्हापुरात आणली. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते.

इथं थोडं थांबायला हवं, कारण पुढे जे घडलं ते माझ्या मते आबांच्या सगळ्या कारकिर्दीतलं सर्वांत अवघड काम होतं.

१९६२. जकार्ताचे आशियाई खेळ. ९७ किलोंवरच्या गटात आबा दोन्ही प्रकारांत उतरले, फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमन. आता ग्रीको-रोमनचा नियम काय? कंबरेखाली हात लावायचा नाही. पायानं पाय अडवायचा नाही. म्हणजे समोरच्याचे पाय धरून पट काढता येत नाही, टांग मारता येत नाही, कलाजंगवर उचलून घेता येत नाही. मातीतल्या मल्लाचं निम्मं शस्त्रागार तिथंच काढून घेतलं जातं. शिवाय मातीत वेळेचं बंधन नव्हतं. खडाखडी, म्हणजे उभ्यानं एकमेकांची ताकद आजमावणं, चालू दे हवी तितकी, पाठ जमिनीला लागली, अस्मान दिसलं, की निकाल. जकार्तात गादी होती, घड्याळ होतं, गुण होते.

आणि आबांनी सुवर्ण जिंकलं ते ग्रीको-रोमनमध्ये! ज्या फ्रीस्टाइलमध्ये पट चालतो, तिथं रौप्य मिळालं. त्याच स्पर्धेत सांगली जिल्ह्यातल्याच कवठे पिरानच्या मारुती मान्यांनी याच्या उलट केलं, फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. एका जिल्ह्यातले दोन मल्ल चार पदकं घेऊन परतले.

१९६४ साली आबा टोकियो ऑलिंपिकमध्ये दोन्ही प्रकारांत लढले. अर्जुन पुरस्कारही त्याच वर्षीचा.

लढणं थांबल्यावर मल्लासमोर मोठा प्रश्न उभा राहतो. अंग खुराकाला सोकावलेलं असतं, मेहनत कमी होते, आणि टाळ्यांची सवय सुटता सुटत नाही. आबा मोतीबागेतच राहिले. ज्या हौद्यात घडले, त्याच हौद्याच्या काठावर वस्ताद म्हणून बसले.

वस्तादाचं काम बाहेरच्याला दिसत नाही. डाव शिकवणं हा त्यातला लहान भाग. गावाकडून बाप पोराला घेऊन येतो, एक ट्रंक आणि तुपाचा डबा ठेवतो, आणि म्हणतो, वस्ताद, आता हा तुमचा. त्या क्षणापासून पोराचं झोपणं, उठणं, खाणं, रुसणं सगळं वस्तादाच्या अंगावर येतं. कुणाचा खांदा ढाक या डावासाठी आहे आणि कुणाची कंबर घिस्सा या डावासाठी, हे ओळखायचं. कुणाला कुठल्या मैदानात उतरवायचं, जोड कुणाशी लावायची, हेही त्यानंच ठरवायचं. चुकीची जोड लागली, पोर पहिल्याच मोठ्या मैदानात वाईट पडलं, तर वर्षाची मेहनत मातीत जाते आणि मन उभं राहायला त्याहून जास्त दिवस लागतात. मोठेपणी नाव झालेला मल्ल आपण बघतो. त्याला एके काळी दोन जत्रा घरी बसवून ठेवणारा माणूस मात्र कुणाला आठवत नाही.

मैदानात मात्र एक रीत आहे, आणि ती मला फार आवडते. मल्ल शड्डू ठोकत फेरी मारतो तेव्हा निवेदक त्याचं एकट्याचं नाव घेत नाही. गाव सांगतो, तालीम सांगतो, आणि मग म्हणतो, अमक्या वस्तादांचा पठ्ठा.

आंदळकर वस्तादांच्या पठ्ठ्यांतलं सर्वांत गाजलेलं नाव दादू चौगुले. राधानगरी तालुक्यातल्या अर्जुनवाड्याचं हे पोर मोतीबागेत वाढलं. १९७० आणि १९७१, लागोपाठ दोन वर्षं महाराष्ट्र केसरी. नंतर रुस्तुम-ए-हिंद, महान भारत केसरी हे किताब. १९७४ साली न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य. आणि लढणं थांबल्यावर दादूही आपल्या वस्तादाच्या वाटेनं गेले. मोतीबागेत पोरांची मेहनत घेऊ लागले. त्यांचा मुलगा विनोद २०००मध्ये महाराष्ट्र केसरी झाला.

एका हौद्यातल्या मातीची ही तीन माणसं.

१६ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात आबांचं निधन झालं. वय त्र्याऐंशी.

त्याच महिन्यात दिल्लीत राष्ट्रीय क्रीडा पुरस्कार दिले गेले. त्यातला ध्यानचंद पुरस्कार खेळाडूच्या लढण्याबरोबरच, निवृत्तीनंतर त्यानं खेळासाठी जे केलं त्याचीही दखल घ्यायचा. त्या वर्षी कुस्तीसाठी तो ज्यांना मिळाला, ते होते दादू चौगुले. मोतीबाग तालीम, कोल्हापूर. आंदळकर वस्तादांचा पठ्ठा.

तारीख होती २५ सप्टेंबर. आबांना जाऊन नऊ दिवस झाले होते.