तारीख तुमची, अर्ज कंपनीचा

नमस्कार. इथे बसलेल्या बऱ्याच जणांच्या मनात एकच प्रश्न आहे, आणि तो चारचौघांत कुणी विचारत नाही: ग्रीन कार्डचं काम चालू आहे, आता नोकरी बदलली तर सगळं पाण्यात जाईल का? या भीतीपोटी हुशार माणसं वर्षानुवर्षं नको त्या नोकरीत अडकून पडतात. पगार जागचा हलत नाही, काम शिळं होतं, आणि हा कुठे जायचा नाही हे साहेबालाही पक्कं ठाऊक असतं. माझं म्हणणं असं की ही भीती काही ठरावीक महिन्यांपुरतीच खरी आहे. ते महिने ओळखायचे आणि तेवढे सांभाळायचे. मी वकील नाही, तेव्हा तुमची कागदपत्रं एकदा वकिलाला दाखवाच. तोही स्वतःचा वकील हवा, कारण कंपनीच्या वकिलाची बांधिलकी कंपनीशीही असते.

आधी रांग समजून घेऊ. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्यानुसार नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं मिळतात, आणि त्यात बायको-मुलंही धरलेली असतात. कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातला ७ टक्के वाटा. इथे जन्म महत्त्वाचा, पासपोर्ट नव्हे. परिणाम असा की २०२५ च्या अखेरीस भारतात जन्मलेल्यांसाठी ईबी-२ आणि ईबी-३ या नोकरीवाल्यांच्या दोन्ही मुख्य रांगा २०१३ सालच्या अर्जांपाशी होत्या. म्हणजे आज ज्याचा अर्ज जातोय, त्याचा नंबर लागेपर्यंत दोन-तीन नोकऱ्या होणारच. एकाच कंपनीत एवढी वर्षं काढायची हा विचार करण्याजोगा पर्यायसुद्धा नाही.

आता प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतला तुमचा नंबर. कंपनी कामगार खात्याकडे पर्म, म्हणजे या जागेसाठी अमेरिकेतला माणूस मिळत नसल्याच्या दाखल्याचा अर्ज, फाइल करते तो दिवस ही तुमची प्रायॉरिटी डेट. पण नुसतं फाइल केल्याने ती तुमची होत नाही. आय-१४०, म्हणजे त्यानंतर कंपनी तुमच्यासाठी इमिग्रेशन खात्याकडे करते तो अर्ज, मंजूर झाला की होते. त्यानंतर कंपनी सोडली, कंपनीने अर्ज मागे घेतला, तरी फसवणूक किंवा सरकारची मोठी चूक निघाली नाही तर ती तारीख पुढच्या कंपनीच्या आय-१४०ला लागते. पर्म नव्याने करावं लागतं; नंबर जुनाच राहतो.

म्हणून खरा धोक्याचा काळ कुठला, तर पर्मची तयारी सुरू झाल्यापासून आय-१४० मंजूर होईपर्यंतचा. पगारनिश्चिती, जाहिराती, मग खात्याची तपासणी, यात आजकाल दीड-दोन वर्षं सहज जातात. मध्येच सोडलंत तर हातात काही उरत नाही. आणि सोडणं म्हणजे फक्त राजीनामा नव्हे. पर्म एका ठरावीक कामासाठी आणि ठरावीक परिसरासाठी असतं. याच काळात कंपनीतल्या कंपनीत बढती घेतली किंवा दुसऱ्या शहरात बदली मागितली, तरी सगळं पहिल्यापासून करावं लागू शकतं. बढतीचे पेढे वाटण्याआधी वकिलाला विचारा.

आय-१४० मंजूर झाला की आणखी १८० दिवस थांबता आलं तर थांबा. २०१७ च्या जानेवारीत लागू झालेल्या नियमाने, मंजुरीला १८० दिवस उलटल्यावर कंपनीने अर्ज मागे घेतला तरी त्याच्या जोरावर एच-१बीची, म्हणजे एरवी सहा वर्षांत संपणाऱ्या कामाच्या व्हिसाची, सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळत राहते. त्याआधी मागे घेतला तर तारीख टिकते, पण मुदतवाढीचा आधार जातो. ज्यांच्या घरी एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, नोकरी करणारी बायको किंवा नवरा आहे, त्यांनी हे दोनदा ऐका. त्यांची कामाची परवानगीही बहुतेक वेळा तुमच्या आय-१४० वरच उभी असते. निर्णय तुम्ही एकट्याने घेता आणि दोन पगार हलतात.

एच-१बीच्या सहा वर्षांचा हिशोब मात्र कॅलेंडरवर मांडायला हवा. समजा तुमचं सहावं वर्ष सप्टेंबर २०२७ ला संपतंय. आय-१४० अजून नसेल, तर एकेका वर्षाची वाढ मिळायला पर्म निदान ३६५ दिवस आधी, म्हणजे सप्टेंबर २०२६ पर्यंत, दाखल व्हायला हवं. चौथ्या वर्षाच्या शेवटी, हातात काहीच नसताना उडी मारणारा माणूस हेच विसरतो. नवी कंपनी म्हणते, ‘वर्षभर काम बघू, मग पर्म सुरू करू’, आणि मुदत निघून जाते. इंटरव्ह्यूत पगाराइतक्याच स्पष्टपणे विचारा: पर्म कधी सुरू करणार? उत्तर लेखी घ्या. त्या कंपनीत सहा महिन्यांत तुमच्या प्रकारच्या कामावरून लोकांना कमी केलं असेल, तर पर्म अडतं. बातम्या वाचून जा.

आणि नंबर अगदी जवळ आला असेल तर? तेव्हा थांबा. आय-४८५, म्हणजे नंबर लागल्यावरचा ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज, भरायला मागे नोकरी देणारी कंपनी लागते, आणि नव्या कंपनीचं पर्म तोवर झालेलं नसेल. आय-४८५ भरून १८० दिवस झाले की त्याच किंवा तशाच प्रकारच्या कामावर जाता येतं. नवी कंपनी सप्लिमेंट-जे, म्हणजे नव्या नोकरीची खात्री देणारा फॉर्म, भरून देते. मुलं एकविशीकडे चालली असतील तर त्यांच्या वयाचा हिशोब वेगळा मांडून घ्या.

एच-१बी ट्रान्सफरबद्दल थोडक्यात. नव्या कंपनीचा अर्ज दाखल झाला की कायद्याने रुजू होता येतं. तरी माझा आग्रह आहे की प्रीमियमने, म्हणजे जादा शुल्क देऊन लवकर निकाल मिळवण्याच्या सोयीने, भरा, मंजुरी हातात घ्या आणि मगच राजीनामा द्या. प्रीमियमला कामकाजाचे १५ दिवस लागतात, तेवढा धीर धरा. सप्टेंबर २०२५ च्या घोषणेनुसारचं एक लाख डॉलरचं शुल्क, अमेरिकेबाहेर असलेल्या आणि वैध एच-१बी व्हिसा नसलेल्या माणसाच्या नव्या अर्जाला लागतं. म्हणून व्हिसाचा शिक्का संपलेला असेल तर ट्रान्सफर चालू असताना लग्नकार्याला भारतात जाऊ नका.

निघताना दोन कागद घ्याच. एक, आय-१४०च्या मंजुरीची प्रत. तीवर प्रायॉरिटी डेट छापलेली असते. अनेक कंपन्या ती देत नाहीत. तेव्हा निदान रिसीट नंबर तरी मिळवा. दुसरा, अनुभवाचं पत्र. ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केलं’ एवढ्याने भागत नाही. कंपनीच्या लेटरहेडवर कामाचं स्वरूप, वापरलेली तंत्रं आणि पूर्णवेळ होतात हे सगळं यायला हवं. पुढच्या पर्मला हाच पुरावा लागतो, आणि सही करणारा मॅनेजर पाच वर्षांनी कुठे असेल याचा भरवसा नाही.

ज्यांची नोकरी गेली आहे, त्यांना एच-१बीवर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत राहण्याच्या परवानगीच्या नोंदीची, मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेही नाहीत. त्यांच्याकडे वेळ कमी आहे, म्हणून आता प्रश्न घेताना आधी त्यांनी विचारावं.